दर शनिवारी पुसून टाकणाऱ्या मॅडम

आमच्या ऑफिसात कूलर दोन. एक हॉलमध्ये, सगळ्या माणसांना मिळून. दुसरा त्याहून मोठा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, स्वयंपाकघरात. तो एकट्या मशीनसाठी. नागपुरात धरमपेठेतल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये कंपनी होती, म्हणून ऑफिसला स्वयंपाकघर होतं, आणि त्याच्या ओट्यावर, जिथं पूर्वी कुणाची तरी शेगडी असणार तिथं, मॅडमनी ती मशीन मांडली होती. मे महिन्यात सर हॉलमध्ये मानेवर ओला रुमाल टाकून बसायचे आणि मशीन वाळ्याच्या वासात गारेगार.

एकदा सरांना राहवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, हा कूलर थोडा हॉलकडं फिरवू का?"

"फिरवा ना मालक," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "तुमी बंद पडले त कोणाले समजणार बी नाही. हे बंद पडली त हिंगण्याच्या साऱ्या बसा आंधळ्या होतीन."

सर म्हणजे खरेच मालक. वयानं मॅडमपेक्षा पुष्कळ लहान. वडिलांचे कन्हानला कोळशाचे ट्रक, त्यामुळे मोठ्यानं बोलणाऱ्या माणसांची त्यांना लहानपणापासून सवय. ते हसले आणि रुमाल पुन्हा ओला करायला गेले.

त्या मशीनवर काय होतं ते आधी सांगतो, कारण ती होती म्हणून मी होतो. हिंगण्याच्या कारखान्यांना शिफ्टच्या बसगाड्या लागतात. कोणती बस कुठं पोचली हे कामगाराला आणि कोण चढलं हे ड्रायव्हरला फोनवर दिसावं, असं अ‍ॅप आमची कंपनी करायची. अ‍ॅप एकदा केलं आणि झालं असं नसतं. दर दोन-चार दिवसांनी त्यात काहीतरी बदलतं, नवी आवृत्ती तयार होते, आणि ती ड्रायव्हरांच्या फोनवर पोचवावी लागते. पूर्वी ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकत. एका फाइलचं नाव 'नवीन', दुसरीचं 'नवीन फायनल', तिसरीचं 'हीच घ्या'. एका ड्रायव्हरच्या फोनवर महिन्यापूर्वीची, दुसऱ्याच्या फोनवर कालची, तिसऱ्यानं ती घेतलीच नाही पण मेहुण्याला पाठवली. एक बस बदललेल्या थांब्याऐवजी जुन्याच थांब्यावर जाऊन उभी राहिली आणि सकाळच्या शिफ्टची माणसं भलत्याच चौकात कंपनीचा उद्धार करत राहिली, त्या दिवशी मॅडमनी ग्रुपच बंद केला.

मग त्यांनी इंटरनेटवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर शोधलं. ते आपल्याच मशीनवर बसवायचं. तयार झालेली प्रत्येक आवृत्ती त्यात ठेवायची. ड्रायव्हरनं चौकोनी कोड स्कॅन केला की सगळ्यांत ताजी आवृत्ती त्याच्या फोनवर. हेच काम करणारी तयार सेवा बाहेर भाड्यानं मिळते, सरांनी ती सुचवलीही होती. त्यावरचं मॅडमचं उत्तर सगळ्या ऑफिसला पाठ होतं : "घरी कोठी असताना धान्य दुसऱ्याच्या घरी काहून ठेवाचं? अन् मंग चावी मांगत फिराचं?"

प्रत्येक आवृत्तीला त्या 'खेप' म्हणत. "आजची खेप आली का गा?" हाच त्यांचा सकाळचा नमस्कार.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. पूर्वी कुठल्याशा बँकेत कॉम्प्युटर सांभाळत. ती नोकरी सुटली की सोडली, ह्याच्या दोन कथा होत्या आणि दोन्ही त्यांनीच सांगितलेल्या. उन्हाळ्यात डोक्याला स्कार्फ असा गुंडाळत की नुसता चष्मा दिसे. ऑफिसात आल्यावर तो सोडायचं त्यांना भान नसायचं. नवीन आलेल्या माणसाला वाटे, स्वयंपाकघरात दरोडेखोर शिरलाय आणि टायपिंग करतोय. मशीनशी त्या शेजारणीशी बोलावं तसं बोलत. "काय झालं वं तुले? सकाळपासून रुसूनच राहिली." माणसांच्या वाट्याला एवढी माया येत नसे.

मी देवगडकडचा. नववीत शाळा सुटली. गावातल्या एका बागायतदाराबरोबर हापूस विकायला नागपूरला आलो. मोसम संपला, ते परत गेले, मी सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात राहिलो. तिथं एक दिवस मॅडम पिशवीभर फोन घेऊन आल्या आणि काउंटरवर ओतले. तडे गेलेले, बॅटरी फुगलेले, एक तर रबरबँडनं बांधलेला.

"हे जिवंत करून दे. पण चांगले नको करू."

मला कळेना. मी म्हणालो, "म्हणजे कसे करू?"

"ड्रायव्हरच्या हाती जसा फोन हाय, तसाच मले टेबलावर पाहिजे. काचेचा तडा राहू दे. नवीन फोनवर काय, सारंच चालते."

फोन न्यायला आल्या तेव्हा मी प्रत्येकाच्या पाठीवर कागद चिकटवून ठेवला होता. हा तापतो. ह्याचा खालचा कोपरा बोट ओळखत नाही. ह्याचा आवाज उन्हात बसतो. दुकानात गोंधळ होऊ नये म्हणून ही माझी सवय, भित्र्या माणसाची. मॅडमनी प्रत्येक कागद वाचला.

"शिकला किती?"

"नववी."

"दहावी काहून नाही?"

"जमलं नाही."

"बरं. सोमवारी धरमपेठेत ये."

झाली मुलाखत. पत्तासुद्धा मीच मागून घेतला.

ड्रायव्हरांकडे जाण्याआधी प्रत्येक खेप त्या तडकलेल्या फोनांवर चालवून पाहायची, हे माझं काम. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मॅडमची मशीन आहे तोवर तुझं काम आहे." त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं होतं. मी मात्र तेव्हापासून दिवसातून पंचवीस वेळा स्वयंपाकघरात जाऊन मशीनला हात लावून पाहायचो, तापली तर नाही ना. आईचा फोन आला की तिचा एकच प्रश्न, "कायम झालंस काय रे?" मी म्हणायचो, "होतलंय." आणि फोन ठेवून पुन्हा हात लावायला जायचो.

आता शनिवार. ओट्यावर मशीनच्या शेजारी दुसरं एक जुनं कॉम्प्युटर होतं, रिकामं. शनिवारी दुपारचा डबा झाला की मॅडम हात पुसत यायच्या आणि म्हणायच्या, "चाल, उभं कर." म्हणजे त्या रिकाम्या कॉम्प्युटरवर ते अख्खं सॉफ्टवेअर मी पहिल्यापासून बसवायचं. मी घामाघूम होऊन कसंबसं उभं करायचो. मॅडम एक फोन घेऊन कोड स्कॅन करायच्या, खेप उतरली की मान डोलवायच्या आणि सगळं पुसून टाकायच्या. माझ्या डोळ्यांदेखत. आंगणात रांगोळी काढायला लावावी आणि वर बादली ओतावी, तसं.

पहिल्यांदा मला रडू यायचं बाकी होतं. "चाललं होतं ना मॅडम," मी म्हणालो.

"चाललं होतं म्हणूनच पुसलं. जे आपल्याले पुन्हा उभं करता येत नाही, ते आपलं नाही. ते नशिबाचं."

बसवणं म्हणजे काय, तर एक लहानशी फाइल. तिच्यात मशीनचा पत्ता लिहायचा, खेपा कुठं ठेवायच्या ती जागा लिहायची, पासवर्ड लिहायचे, आणि मग एका ओळीची आज्ञा द्यायची की ऊठ. ती उठते, इंटरनेटवरून सामान ओढत बसते, आणि पडद्यावर इंग्रजी ओळी धबधब्यासारख्या पडतात. त्यात लाल ओळ आली की मी खुर्ची मागे सारायचो.

"घाबरतो काहून? ते तुले शिव्या नाही देऊन राहिली," मॅडम म्हणायच्या. "कुठी दुखते ते सांगून राहिली. वाच ना."

"वाचता नाही येत सगळं."

"सारं कोणाले येते? पहिले दोन शब्द वाच. डॉक्टर बी तेवढंच ऐकते."

माझी आणखी एक खोड होती. दर ओळीनंतर विचारायचो, "बरोबर आहे ना?" एक दिवस त्यांनी तडकलेल्या फोनांतला सगळ्यांत रडका फोन उचलून माझ्या हातात दिला. "मले नको विचारू. याले विचार. हा हो म्हणला त बरोबर." नंतर कितीतरी दिवस मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं की त्या न बोलता फोन पुढं करायच्या.

त्यांच्या स्वतःच्या चुकाही तितक्याच मोठ्या असत. मी नवीन असतानाच त्यांनी प्रत्येक बसमध्ये, स्टिअरिंगच्या वर, कोडचा स्टिकर लावून घेतला. छपाई छान, वर लॅमिनेशन. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी स्कॅन करून पाहिलं. सगळ्यांच्या फोनवर उतरलं. मॅडमनी त्या आनंदात घरून करून आणलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगण्याहून एका ड्रायव्हरचा फोन. हे ड्रायव्हर भाऊ सगळ्यांत जुने, केसांना मेंदी लावणारे, आणि तक्रार करण्यात सगळ्यांचे पुढारी.

"मॅडम, हे त नुसतं फिरूनच राहिलं."

"काय फिरून राहिलं?"

"गोल."

दुसऱ्याच्याही फोनवर गोल. तिसऱ्याच्याही. मॅडम ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, चष्मा काढला, आणि स्वतःच्या कपाळावर हळूच थापट मारली. स्टिकरवर जो पत्ता छापला होता तो ऑफिसच्या वायफायच्या आतला. म्हणजे ऑफिसच्या भिंतींच्या आत मशीनला सगळे ओळखत, आणि बाहेर जगात असा पत्ता अस्तित्वातच नव्हता.

"पोराले 'स्वयंपाकघरात ये' सांगतलं," मॅडम म्हणाल्या, "अन् घर कोणत्या गावात हाय ते सांगतलंच नाही. माझी चूक हाय." चूक कबूल करताना त्यांना जराही जड जात नसे, उलट तपशीलवार सांगत, जणू लग्नाचं वर्णन.

बाहेरून चालणारा पत्ता मिळायला आणि फोनांनी त्यावर भरवसा ठेवावा म्हणून त्याचं प्रमाणपत्र लागायला दोन-तीन दिवस जाणार होते, आणि थांबे तर उद्यापासून बदलणार. मॅडमनी ड्रायव्हरांना निरोप दिला : शिफ्ट सोडून झाली की रिकामी बस घेऊन धरमपेठेत या. संध्याकाळी आमच्या अरुंद गल्लीत कंपनीच्या बसगाड्या एकामागं एक. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून फोन आमच्या गॅलरीच्या दिशेनं धरतायत, वायफाय पकडायला, आणि मॅडम गॅलरीतून ओरडतायत, "अजून थोडं पुढं घ्या भाऊ. हां, बस. आता स्कॅन करा." वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका हॉर्नच्या आवाजानं तावातावानं खाली उतरले. मॅडमनी त्यांना तक्रार करूच दिली नाही. त्यांच्या हातात एक फोन देत म्हणाल्या, "काका, तुमचं बरं हाय, तुमी वर राहता. वरच्या मजल्यावर वायफाय येते का पाहून सांगा बरं." काका वर गेले आणि गॅलरीतून "येते" म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्यातले झाले. जिन्यात भेटले की विचारायचे, "आज खेप नाही वाटतं?"

प्रत्येक खेपेबरोबर काय बदललं त्याची दोन ओळींची चिठ्ठी लिहायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. बाकीची पोरं तिथं इंग्रजीत 'किरकोळ सुधारणा' लिहून मोकळी व्हायची. मॅडम ती खेप परत पाठवायच्या. चिठ्ठी मराठीत, आणि मेंदीवाल्या ड्रायव्हर भाऊंना चहा पिता पिता कळेल अशी. 'आता बस वळली की नकाशा बी वळते.' 'रविवारची सुटी दिसत नव्हती, आता दिसते.' चांगली चिठ्ठी असली तर त्या ती मोठ्यानं वाचून दाखवत, आणि लिहिणाऱ्याचे कान तांबडे होत. त्या चिठ्ठ्या लिहायचं काम हळूहळू माझ्याकडं कसं आलं ते कळलंही नाही. शाळेत माझा निबंध कधी कुणी मोठ्यानं वाचला नव्हता.

दिवाळीच्या थोडं आधी मॅडमनी डबा खाता खाता सांगून टाकलं, "दिवाळी झाली का मी वावरात." काटोलला भावाची संत्र्याची बाग. तिथली मोटार फोनवरून चालू-बंद करायची त्यांनी मनावर घेतलं होतं. "एक मशीन सरळ केली, आता दुसरी."

सरांनी दोन दिवस हिशेब मांडून पाहिला. मग आम्हा दोघांना बोलावलं. मॅडमना म्हणाले, "तुम्ही गेल्यावर ही मशीन कोण बघणार? पहिल्या तारखेपासून मी ती बाहेरची सेवा घेतो." मग माझ्याकडं वळले, आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नको. पण मशीनच नसली तर तुला इथं ठेवू कशावर?"

"हा पाहीन ना मशीन," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हा फोन तपासतो. छान तपासतो. पण मशीन बंद पडली, बसगाड्या अडकल्या, तर?"

खरं सांगायचं तर मी मनातून सरांच्याच बाजूचा होतो. माझ्यासारख्याच्या हाती मीही मशीन दिली नसती.

शेवटी ठरलं असं. जुन्या मशीनच्या जागी ठेवायला नवीन कॉम्प्युटर येऊन पडलंच होतं. शुक्रवारी मी एकट्यानं त्याच्यावर सगळं उभं करायचं, मॅडमनी तोंड उघडायचं नाही, आणि संध्याकाळच्या शिफ्टच्या आधी हिंगण्याला ड्रायव्हरांच्या फोनवर खेप उतरली पाहिजे. उतरली तर मशीन राहील आणि मीही. नाही उतरली तर दोघंही नाही.

शुक्रवारी मॅडमनी स्कार्फ गुंडाळला. "मी खाली पोहेवाल्याजवळ बसते. माझं तोंड बंद राहत नाही, तुमाले माहीत हाय." आणि गेल्या.

सर स्टूल घेऊन माझ्या मागं बसले. वरचे काकाही उतरले आणि दाराला टेकून उभे राहिले. मी फाइल लिहिली. आज्ञा दिली. लाल.

मागं स्टूल करकरलं. मी मागे सारलेली खुर्ची पुन्हा पुढं ओढली आणि पहिले दोन शब्द वाचले. मग ओळीचा आकडा वाचला. त्या ओळीच्या आधी दोन मोकळ्या जागा सोडायच्या असतात, मी एकच सोडली होती. एवढ्यासाठी सगळं अडतं त्या फाइलमध्ये. पाणी प्यालो, एक जागा सरकवली, पुन्हा म्हणालो, ऊठ. ओळी पडायला लागल्या. सामान ओढून झालं. बाहेरचा पत्ता जुळला, त्याच्या शेजारी प्रमाणपत्राचं कुलूप दिसलं, पान उघडलं.

आणि पानानं विचारलं, ह्या मशीनचा मुख्य माणूस कोण. सॉफ्टवेअर नवीन बसवलं की पहिलं नाव ते हे मागतं. ज्याचं नाव इथं पडेल त्याच्याकडं सगळ्या चाव्या. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, कोणती खेप सोडायची, सगळं तोच ठरवणार. दर शनिवारी इथवर आलो की मॅडम पुढं वाकून आपलं नाव आणि पासवर्ड टाकायच्या. मी गॅलरीत गेलो.

"मॅडम, तुमचा पासवर्ड?"

खाली त्या तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभ्या. "माझा काहून?"

"पहिलं नाव तुमचं असतं ना."

"मी संत्र्यात राहीन गा. मशीन रुसली त मले काटोलहून आणशीन का? ज्याले मशीनजवळ धावाचं हाय, त्याचं नाव टाक." आणि पोह्यांवर आणखी तर्री मागितली.

मी आत आलो. सरांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं नको बघू," सर म्हणाले. "माझं नाव टाकलं तर ती सगळं मलाच विचारेल."

काका म्हणाले, "माझं चालत असेल तर..." आणि सर हसले, मग मीही. हसता हसता मी माझं नाव टाकलं. शाळेच्या हजेरीपटानंतर कुठल्या कामात माझं नाव पहिलं लागल्याचं मला आठवत नाही. पासवर्ड दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमला.

खेप चढवली. चिठ्ठी लिहिली. तडकलेल्या फोनांची रांग लावून एकेकावर उतरवली, चालवली. सगळ्यांत रडका फोनही हो म्हणाला. हिंगण्याला मेंदीवाल्या ड्रायव्हर भाऊंना निरोप दिला आणि आम्ही तिघं ओट्याभोवती उभे राहिलो. शिफ्टची वेळ जवळ येत होती. मशीनचा पंखा तेवढा वाजत होता.

फोन आला. सरांच्या खुणेनं मी स्पीकर लावला. मागं बसचं इंजिन चालू.

"आली खेप," भाऊ म्हणाले. "सगळ्यांचीच आली. पण इथं खाली मुख्य माणूस म्हणून नाव कोणाचं हाय? मॅडमचं दिसून नाही राहिलं."

"माझं," मी म्हणालो.

"तुझं? मंग आता काही बिघडलं त शिव्या कोणाले द्याच्या?"

मी सरांकडं पाहिलं. सर फोनवर वाकले आणि वडिलांच्या ट्रकच्या अड्ड्यावर बोलावं तसे मोठ्यानं म्हणाले, "त्यालाच द्या भाऊ. पहिल्या तारखेपासून कायम आहे तो."

"हो," मी म्हणालो. "मलाच द्या."

"बरं," भाऊ म्हणाले. "मंग पहिली आत्ताच घे."

आणि बस हलवण्याआधी त्यांनी ती दिली, नव्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी केल्याबद्दल. मी ती उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकून घेतली.